बारा टक्क्यांची टेप

त्या कारखान्यात चिनी मातीची बेसिनं आणि कमोड तयार होत, आणि कुठल्याही कमोडाचा पहिला नमुना एकाच माणसाच्या हातून निघे. त्याला नावाने हाक मारणारं कारखान्यात कुणी उरलं नव्हतं. सगळे त्याला 'बारा टक्के' म्हणत, मोठे साहेबसुद्धा, आणि तोही खुशाल ओ देई. हे नाव त्याने स्वतःच ओढवून घेतलं होतं, त्यामुळे तक्रार करायची सोय नव्हती.

झालं असं होतं, की माती सुकताना आणि भट्टीत भाजताना आटते. त्यांच्या कारखान्यातली माती बारा टक्के आटायची. ओला असताना शंभर सेंटिमीटर भरणारा तुकडा भट्टीतून बाहेर येई तो अठ्ठ्याऐंशीचा होऊन. हे गणित या गृहस्थाच्या इतकं अंगात मुरलं, की त्याने ते सगळ्या जगाला लावून टाकलं. मेहुणा नव्या घराचं वर्णन करू लागला की हा म्हणे, "भट्टीतून निघू दे, मग बोलू." साहेबांनी भाषण केलं की हा शेजारच्याच्या कानात सांगे, "यातले बारा वजा धर." शेजारच्याला हसू आवरत नसे आणि बोलणी मात्र शेजारच्यालाच बसत.

एका बाबतीत मात्र तो थट्टा सहन करत नसे. खात्यात नवीन आलेला प्रत्येक जण एक ठरलेली चूक करी. भाजून झाल्यावर अठ्ठ्याऐंशी हवेत ना, मग अठ्ठ्याऐंशीत बारा टक्के मिळवू, म्हणून तो साडेअठ्ठ्याण्णवचा नमुना करी. मग भांडं भट्टीतून निघे ते जेमतेम पावणेसत्त्याऐंशीचं. वरची सीट बाहेरून तयार येई आणि ती कुणासाठी आटत नसे. ती त्या भांड्यावर टोपीसारखी बाहेर लोंबत राही. मग बारा टक्के त्या नवख्याला तिच्यावरच बसवी.

"बैस. बसून विचार कर," तो म्हणे. "माती कशातून आटली? जुन्यातून. शंभरातून बारा गेले. तू बारा टक्के काढलेस कशाचे? अठ्ठ्याऐंशीचे. जे कमी होतं ते आधी होतं त्यातून कमी होतं, बाळा. भागायचं झालं तरी आधीच्यानेच भागायचं. ऊठ आता, आणि शंभराचा कर."

दर वेळी भागाकार करत बसायला नको म्हणून त्या धंद्यात एक खास पट्टी असते. दिसायला ती साध्या पट्टीसारखीच, पण तिच्यावरचा एक सेंटिमीटर अकरा मिलिमीटरांहून थोडा जास्तच असतो. ओली माती तिने चाळीस मोजा, भाजल्यावर ती खरोखर चाळीस भरते. गोलाईसाठी याने तशीच एक टेप घरी बनवली होती. बायको घरी शिवणकाम करी. तिच्याकडची पांढरी सुती फीत घेतली, तिने दोन्ही टोकं दुमडून शिवून दिली, आणि याने शाईने खुणा केल्या. तीस वर्षांत त्या टेपने एकही कमोड चुकला नव्हता.

साऱ्या जगात एकच गोष्ट आटायचं नाव घेत नव्हती, ती म्हणजे या गृहस्थाचं पोट. ते दर वर्षी बायकोच्या टेपवर एकेक घर पुढे सरके आणि बायको निमूटपणे पँटची शिवण उसवून देई. उसवायला कापड उरलं नाही तेव्हा तिने मागे एक तिकोनी तुकडा जोडला, आणि तो तुकडा पाहून कारखान्यात जो काही विनोद झाला तो इथे लिहिण्यासारखा नाही.

त्या वर्षअखेर तो निवृत्त व्हायचा होता. साहेबांनी दोन वर्षं मुदतवाढ द्यायचं कबूल केलं होतं, पण कंपनीने नवा फतवा काढला. सगळ्यांच्या पोटाचा घेर मोजायचा, ठरलेल्या हद्दीच्या वर जो जाईल त्याने तीन महिन्यांत तो दहा टक्के कमी करून दाखवायचा. इतरांना नाही जमलं तर कँटीनमधला साखरेचा चहा बंद होणार होता. याला नाही जमलं तर मुदतवाढ बंद होणार होती.

आता खरं सांगायचं तर तो घाबरला. तोंडाने कितीही फुशारक्या मारल्या तरी घरी बसून करायचं काय, हे त्याला ठाऊक नव्हतं. सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत तो घरातली सगळी दारं काटकोनात आहेत का ते पाहून मोकळा होई. मग बायकोच्या शिलाई मशीनकडे वळे, आणि बायको कात्री हातात घेऊन म्हणे, "मशीनला हात लावायचा नाही." ओल्या मातीवरून हात फिरवल्याशिवाय त्याला जेवण गोड लागत नसे. ते हात उद्यापासून मांडीवर ठेवून बसायचं, या विचाराने त्याच्या पोटात गोळा येई. पोट मोठं असल्यामुळे गोळाही मोठाच येई.

मोजणीच्या आदल्या संध्याकाळी तो डोकं दुखतंय म्हणून कारखान्याच्या दवाखान्यात गेला. सिस्टर गोळी काढायला कपाटाकडे वळली, तेवढ्यात याने टेबलावरची टेप खिशात घातली आणि आपली तिथे ठेवली. हिशेब सोपा होता. घरच्या टेपने त्याचं पोट एकशेदहा भरे. आपल्या टेपने ते बारा टक्के आटून सत्त्याण्णव भरणार. हद्द शंभरची आहे अशी सगळीकडे कुजबुज होती. तो गोळी न घेताच शीळ घालत घरी गेला.

सकाळी दवाखान्याच्या दारावर कागद लागला होता. हद्द पंच्याण्णवची होती.

रांग सरकू लागली. त्याचा जुना दोस्त भट्टीवाला हा चांगला भरला गडी, खऱ्या टेपने एकशेचार. तो श्वास रोखून आत गेला आणि बाहेर आला तो दोन्ही हात वर करून. "साडेएक्याण्णव!" साहेब गेले, तेही त्र्याण्णव होऊन आले आणि दिवसभर कोटाचं बटण लावून हिंडले. ज्याच्या त्याच्या चेहऱ्यावर आनंद होता. दुपारपर्यंत सगळा कारखाना सडपातळ झाला. मग याची पाळी आली.

"सत्त्याण्णव," सिस्टर म्हणाली. "काका, अख्ख्या कारखान्यात तुम्ही एकटेच निघालात हो."

स्वतःच्या हाताने सगळ्यांना वाचवून आपण एकटेच बुडालो, हे समजायला त्याला दारापर्यंतचं अंतर लागलं. तिथून तो परत फिरला.

"सिस्टर, दहा टक्के म्हणजे नक्की किती?"

"आजचा आकडा सत्त्याण्णव. त्याचे दहा टक्के नऊ पूर्णांक सात. म्हणजे तीन महिन्यांनी सत्त्याऐंशी आणि वर थोडंसं. त्याच्या खाली आलात की सही करते."

बारा टक्क्यांचा चेहरा जरा उजळला. एकशेदहाचे दहा टक्के अकरा झाले असते. इथे पावणेदहाच्या आतच काम होत होतं. काही नाही तरी सव्वा सेंटिमीटर फुकटात सुटला, असं मनाशी म्हणत तो घरी आला. बायको बाहेर गेलेली पाहून त्याने तिची टेप गळ्यात घातली आणि आरशासमोर उभा राहिला. आपल्या टेपवरचे ते पावणेदहा, तिच्या टेपवर किती होतात बघू, म्हणून हिशेब केला. अकरा झाले. पुन्हा केला. अकराच झाले. तो खुर्चीत बसला.

ज्या माणसाने आयुष्यभर टक्के मोजले त्याला टक्क्यांनी असं पकडलं होतं. आधीचा आकडा घ्यायचा, नंतरचा त्यातून वजा करायचा, जे उरेल त्याला आधीच्याने भागायचं, शंभराने गुणायचं. पण टेप खोटी असेल तर वजाबाकीही तेवढीच खोटी आणि आधीचा आकडाही तेवढाच खोटा. लबाडी वरही बसते, खालीही बसते, आणि भागताना दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. टक्का उरतो तो स्वच्छ, जणू काही झालंच नाही. मातीच्या बाबतीत त्याला हे झोपेतही कळलं असतं. पोटाच्या बाबतीत त्याला ते एक दिवस उशिरा कळलं.

बरं, खरी टेप परत नेऊन ठेवावी, तर पोट सत्त्याण्णवचं एका झटक्यात एकशेदहा होणार. म्हणजे आता ती खोटी टेप दवाखान्यात सुखरूप राहावी, हीच त्याची गरज होऊन बसली. गोळी घ्यायच्या निमित्ताने तो रोज जाऊन तिला बघून येऊ लागला. एके दिवशी सिस्टर फार खुशीत होती.

"काका, मी पण मोजून घेतलं स्वतःला. किती बारीक झालेय बघा, मला वाटलंच नव्हतं. काकूंकडे याच मापाने ड्रेस शिवायला टाकलाय."

त्याला घाम फुटला. घरी येऊन पाहतो तर बायको निळा ड्रेस शिवत बसली होती. तो दारात उभा राहून एकदा ड्रेसकडे आणि एकदा तिच्याकडे बघत राहिला. "काय हवंय?" तिने विचारलं. "काही नाही," तो म्हणाला. चार दिवसांनी ड्रेस दिसेना, तेव्हा त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"गेला की. छान बसला," बायको म्हणाली आणि सुईत दोरा ओवू लागली.

आपलं नशीब अजून अगदीच फुटलेलं नाही, असं त्याला वाटलं. त्या भरात त्याला दुसरी युक्ती सुचली. एक नवीन टेप करायची, तिच्यावरचे सेंटिमीटर आणखी फुगवायचे, आणि शेवटच्या दिवशी तिला टेबलावर बसवायचं. उपास नाही, चालणं नाही, आणि घेर दहा काय, वीस टक्के कमी. त्याने बायकोकडे फीत मागितली. तिने कशाला म्हणून विचारलं नाही, मुकाट्याने कापून दिली. इतक्या वर्षांच्या संसारात न विचारता तिने काहीही दिलं नव्हतं, तेव्हा इथेच त्याने सावध व्हायला हवं होतं. पण तो खुणा करण्यात गुंगला. दोन संध्याकाळी खपून त्याने टेप पुरी केली, घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली, आणि सकाळी शर्ट दोरीवर वाळत होता.

खिशातून जे निघालं ते निळसर, सुरकुतलेलं आणि बोटभर आखडलेलं होतं.

"खिशात काही होतं का हो?" बायकोने आतून विचारलं.

"नाही," तो म्हणाला.

बायकोकडे पुन्हा फीत मागायचं धाडस त्याला होईना, आणि मग मात्र दुसरा इलाज उरला नाही. तो कारखान्यात चालत जाऊ लागला. कँटीनमध्ये तळलेल्या ताटाकडे पाठ करून बसू लागला. भट्टीवाला मुद्दाम समोर येऊन बसे आणि कुरकुर आवाज करत खाई. "आम्हाला काय बाबा," तो बोटं चाटत म्हणे, "आम्ही साडेएक्याण्णव. सिस्टरने सांगितलंय." याच्या जिभेवर सगळं येई आणि तो पाणी पिऊन ते गिळून टाकी. घरीही काहीतरी बिघडलं होतं. ताट तेच, वाटी तीच, पण जेवून उठताना काहीतरी राहून गेल्यासारखं वाटे. वय झालं, दुसरं काय, असं तो स्वतःला समजावी.

दीड महिन्याने सिस्टरने मधली मोजणी केली. ब्याण्णव भरले.

"सत्त्याण्णवचे ब्याण्णव, पाच कमी," तो छाती काढून म्हणाला. "पाच भागिले ब्याण्णव. जवळजवळ साडेपाच टक्के."

"सत्त्याण्णवने भागायचं, काका. सव्वापाचसुद्धा नाहीत."

"ब्याण्णव आहे ना आता?"

"आता आहे. कमी कशातून झालं? आधी होतं त्यातून." सिस्टर हसली. "हे तुम्हीच सगळ्यांना कमोडवर बसवून शिकवता म्हणे."

त्या दिवसापासून त्याने चालण्याचा रस्ता लांबचा धरला. राग पायात उतरला की पोटाला त्याचा फायदा होतो, हे त्याच्या लक्षात आलं. पँट सैल झाली तशी बायकोने मागचा तिकोनी तुकडा काढून टाकला. तो तुकडा त्याने उचलून पाहिला आणि त्याला चक्क स्वतःचं कौतुक वाटलं. हे काही टेपने केलेलं नव्हतं.

तीन महिने भरले त्या सकाळी त्याने घरीच बायकोच्या टेपने मोजून घेतलं. नव्याण्णव. एकशेदहातून अकरा गेले होते, बरोबर दहा टक्के. आपल्या टेपने ते सत्त्याऐंशी भरणार होते. तो दवाखान्यात शिरला तो जिंकल्यासारखाच. सिस्टरने खण उघडला आणि पिवळीधमक, करकरीत, कारखान्यात कधीच न पाहिलेली टेप बाहेर काढली.

"जुनी कुठे गेली?"

"नवीन आलीय. हात वर करा." टेप पोटाभोवती फिरली. "नव्याण्णव. अरेच्चा. सुरुवातीला सत्त्याण्णव होता ना? काका, तुमचा घेर तर वाढलाय की हो."

तो तसाच हात वर करून उभा राहिला. गप्प बसलं तर नोकरी गेली. बोललं तर तीस वर्षांची अब्रू गेली, आणि नोकरीही बहुतेक गेलीच. खोटं बोलायला त्याची हरकत नव्हती, या तीन महिन्यांत तो त्यात बऱ्यापैकी तयार झाला होता. पण रस्ताभर गाळलेला घाम, पाठ करून घेतलेली जेवणं, तो काढून टाकलेला तिकोनी तुकडा, हे सगळं वाया गेलं असं कागदावर लिहिलं जावं, हे त्याला सहन होईना. आयुष्यात पहिल्यांदा त्याची एक गोष्ट खरोखर आटली होती आणि ती कुणी मानायला तयार नव्हतं.

"सिस्टर," तो म्हणाला, "जुनी टेप खोटी होती. माझी होती. मातीची. मीच ठेवली होती इथे."

"माहीत आहे," सिस्टर म्हणाली. "खाली करा हात."

तिने खालच्या खणातून ती पांढरी फीत काढून टेबलावर ठेवली. "माझा निळा ड्रेस खांद्यातून खालीच उतरेना. काकूंच्या हातचा कपडा कधी आवळ बसत नाही, म्हणून त्यांनी ही मागून घेतली आणि आपल्या टेपशेजारी धरली. टोकाची शिवण बघितली मात्र आणि हसायलाच लागल्या. तुमचं खरं माप त्यांनीच सांगितलं मला, एकशेदहा. म्हणाल्या, टेप तिथेच राहू दे. तीन महिने तो माणूस चालेल तरी. आणि आपणहून कबूल केलं तरच सही कर."

"म्हणजे पहिल्याच आठवड्यापासून?"

"पहिल्याच. एकशेदहा वजा नव्याण्णव, अकरा. अकरा भागिले एकशेदहा. बरोबर दहा टक्के." तिने सही केली. "दोन वर्षं पक्की झाली तुमची. आता जाता जाता बाहेर एवढा निरोप द्या, की बाकी सगळ्यांना उद्या या पिवळ्या टेपने परत मोजायचंय. साहेबांनासुद्धा."

बाहेर भट्टीवाला तळलेलं काहीतरी कागदात घेऊन खात उभा होता. बारा टक्क्यांनी त्याच्या पोटाकडे मायेने पाहिलं, निरोप दिला, आणि तो काय म्हणतो हे ऐकायला न थांबता लांबच्या रस्त्याने घर गाठलं.

घरी तो तावातच शिरला. "तीन महिने! तीन महिने मला उपाशी मारलंस. लाज नाही वाटली?"

"उपाशी कशाला," बायको पाट मांडत म्हणाली. "वाढताना फक्त हात आखडता घेत होते. बारा टक्के."

म्हणजे ती राहून गेल्यासारखी वाटणारी गोष्ट वयाची नव्हती, तर. त्याला रागही आला आणि हसूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे तो नुसताच पाटावर बसला. या बाईने आपल्याला घरी बसू दिलं नाही, एवढं मात्र त्याला नीट कळलं.

"बरं, जिंकलात ना आता," ती म्हणाली. "उद्यापासून रोज बारा टक्के जास्त वाढीन. मग झालं?"

"झालं," तो खूश होऊन म्हणाला आणि त्याने घास उचलला. तो घास तोंडापाशी गेला आणि तिथेच थांबला. ओठ हलू लागले. शंभरातून बारा गेले, अठ्ठ्याऐंशी. अठ्ठ्याऐंशीचे बारा टक्के, साडेदहा.

"अगं, पण त्याने शंभर नाही होत. साडेअठ्ठ्याण्णवच होतात."

"माहीत आहे मला," बायको म्हणाली, आणि तिने पातेल्यावर झाकण ठेवलं.